इंग्रजी साडेसहा

आमच्या वेळी इंग्रजी यायचं किंवा यायचं नाही. ज्याला येत नसे तो शेवटच्या बाकावर बसे आणि ज्याला येत असे त्याला आळीतल्या सगळ्यांचे अर्ज लिहून द्यावे लागत. मधलं काही नव्हतं. आता इंग्रजी साडेसहा येतं. कुणाला सात येतं, कुणाला सहा येतं, आणि आमच्या बी विंगमधल्या एका मुलाला ऐकायला साडेआठ येतं पण लिहायला साडेपाचच येतं, त्यामुळे त्याचं डब्लिन अडकून बसलंय.

हे मोजमाप आयईएलटीएसचं. परीक्षा १९८९ पासून या नावानं चालू आहे, पण आमच्या घरात ती शिरली भाचीमुळे. भाची सांगलीची. इंजिनिअर झाली आणि 'बाहेर' एमएस करायचं म्हणून क्लास लावायला आमच्याकडे कोथरूडला राहायला आली. बाहेर म्हणजे नक्की कुठे, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. आयर्लंड, इंग्लंड, अमेरिका अशी यादी होती आणि जिथून होकार येईल त्या देशाबद्दल पूर्वीपासून ओढ होती असं सांगायचं ठरलं होतं.

परीक्षेचे भाग चार. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला शून्य ते नऊ बँड, मग चारांची सरासरी. सरासरी सव्वासहा आली तर साडेसहा धरतात, पावणेसात आली तर सात. पाव बँड पदरचा घालतात. हे कळल्यावर आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील आणि भाचीचे आजोबा, म्हणाले, "इंग्रज माणूस हिशेबाला उदार." पंधरा हजारांच्या वर फी घेतल्यावर पाव बँड सोडायला काय जातंय, हे माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांना खटकलं ते वेगळंच. हा स्कोअर दोनच वर्षं चालतो. तरुणपणी काढलेलं गाडीचं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं आणि इंग्रजी दोन वर्षांत बाद? "मी मॅट्रिकला पाठ केलेलं इंग्रजी अजून जसंच्या तसं आहे," ते म्हणाले. हे खरं आहे. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

वास्तविक मुलीचं इंजिनिअरिंग इंग्रजीतून झालेलं. काही विद्यापीठं तेवढ्यावर भागवतातही. कॉलेजनं 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं लेटरहेडवर लिहून दिलं की त्यांना पुरतं. भाचीनं ते पत्रही आणून ठेवलं. ज्या सरांनी त्यावर सही केली त्यांचं लेक्चर ती आम्हाला करून दाखवते: "हे बघा, करंट जो आहे ना, तो इथनं आत घुसतो आणि मग रेझिस्टन्स त्याला आडवा येतो." सगळ्या वर्गाला करंट कायमचा समजला होता. हे पत्र वाचून परदेशातल्या लोकांची जी समजूत होत असेल ती आपण होऊ द्यावी.

तर बोलणं. ही परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. समोर एक्झामिनर. सुरुवातीला किरकोळ चौकशी: कुठल्या गावचे, काय करता, पाऊस आवडतो का, आरशात किती वेळा बघता. (हे शेवटचं आपल्याकडे आईशिवाय कुणी विचारत नाही, आणि तिलाही उत्तर नको असतं.) मग हातात एक कार्ड देतात. 'तुम्हाला ज्यांच्याबद्दल आदर वाटतो अशा एका वयस्कर व्यक्तीविषयी सांगा.' एक मिनिट विचार करायचा, पेन्सिलीनं चार टिपणं काढायची आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. दोन मिनिटं झाली की वाक्य कुठेही लटकत असो, एक्झामिनर 'थँक यू' म्हणतो. आपल्याकडे कुणाचं बोलणं असं तोडत नाहीत. आपल्याकडे ते सुरूच होऊ देत नाहीत.

क्लासच्या सरांचं या कार्डांबद्दल एक तत्त्वज्ञान आहे. गुण उच्चाराला आहेत, व्याकरणाला आहेत, शब्दसंपत्तीला आहेत, न अडखळता बोलण्याला आहेत. खरेपणाला नाहीत. तेव्हा प्रत्येक कार्डासाठी नवा माणूस शोधत बसू नका, एकच माणूस पक्का करा आणि तो सगळीकडे चालवा. भाचीनं अण्णांना पक्कं केलं. अण्णांना न विचारता.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी धरणं आणि कालव्यांवर काढून ते बादलीपेक्षा खोल पाण्यात कधी उतरलेले नाहीत. चहा त्यांना हातात लागतो. आणि एका संध्याकाळी बंद दारापलीकडून त्यांच्या कानावर आलं की आपण पासष्टाव्या वर्षी पोहायला शिकलो. दर रविवारी अनाथाश्रमातल्या मुलांना स्वतःच्या हातची बिर्याणी करून घालतो. एकदा रेल्वेत सापडलेलं पाकीट मालकाचा पत्ता शोधून परत केलं. आणि हे सगळं चालू असताना गच्चीवर सेंद्रिय भाजीपाला.

रात्री जेवायला बसले तेव्हा चेहरा गंभीर होता. आम्हाला वाटलं, आता फुटणार. "पोहण्याचं राहू दे," ते म्हणाले, "पण बिर्याणी काढ. मी शाकाहारी आहे. पुलाव म्हण."

त्यानंतर रोज संध्याकाळी "आज मी काय केलं?" अशी चौकशी होऊ लागली. उत्तर ऐकून दुरुस्त्या सुचवल्या जाऊ लागल्या. पाकिटात रक्कम किती होती ते सांग, त्याशिवाय प्रामाणिकपणा केवढा ते कसं कळणार? गच्चीवर वांगी नकोत, वांग्याला कीड फार. पुढे पुढे सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये एका गुडघेदुखीवाल्याला "पाण्यात उतरा, फरक पडतो" असं ते सांगत असल्याचं माझ्या कानावर आलं. मी घरी काही बोललो नाही. मुलीची तयारी चांगली चालली होती.

बोलताना वाक्प्रचार पेरायचे, हेही क्लासचंच. सर्वांत लाडका 'वन्स इन अ ब्लू मून'. खगोलशास्त्रवाले सांगतात की महिन्यात दोन पौर्णिमा येण्याचा हा योग सुमारे दोन वर्षं आणि आठ महिन्यांनी येतो. पुण्यात तो रोज सकाळी नऊच्या स्लॉटला उगवतो आणि संध्याकाळपर्यंत मावळत नाही. बिचारा एक्झामिनर. दिवसभर समोर येणारा प्रत्येक तरुण आइस्क्रीम क्वचितच खातो, सिनेमाला क्वचितच जातो, आणि त्या प्रत्येकाचे आजोबा पोहतात.

घरी सरावासाठी एक्झामिनर म्हणून अण्णाच बसत. एक्झामिनरनं चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं, वाद तर घालायचाच नसतो. भाची म्हणे, माझं गाव सांगली, हळदीसाठी प्रसिद्ध. एक्झामिनर म्हणत, "कसलं प्रसिद्ध, भाव बघितलास का?" मग चौदा मिनिटं हळदीवर जात आणि त्यातली तेरा एक्झामिनरची असत.

लिहिण्याचं प्रकरण अधिक अवघड. त्याचे दोन तुकडे. पहिल्यात एक आलेख देतात आणि तो वीस मिनिटांत दीडशे शब्दांत सांगायचा. कुठल्याशा युरोपीय देशात मासे, कोंबडी आणि मटण कसकसं खाल्लं गेलं, यावर आमच्या घरात, जिथं अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडतात, रोज दीडशे शब्द लिहिले गेले. त्याची भाषा ठरलेली: अमुक हळूहळू वाढलं, तमुक झपाट्यानं घसरलं, नंतर ते स्थिरावलं, मध्ये थोडं फ्लक्च्युएट झालं. ती भाषा घरात मुरली. बायको भाजी घेऊन आली की सांगायची, मेथी झपाट्यानं चढली, कांदा स्थिरावलाय. मनपाच्या पाण्याबद्दल तर दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलताच येत नाही.

पण दुसरा तुकडा निबंधाचा, आणि त्याला गुणांचं वजन दुप्पट. चाळीस मिनिटं, किमान अडीचशे शब्द. विषय असा: काहींच्या मते शाळेत गणवेश असावा, काहींच्या मते नसावा. दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि तुमचं मत द्या.

दोन्ही बाजूंची! माझं असं निरीक्षण आहे की मराठी मुलांचे बँड जातात ते इथं, आणि त्याचा इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. आमच्या घरात कुठल्याही विषयाच्या दोन्ही बाजूंची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. एका बाजूची होते, आणि ती दीर्घ होते. दुसरी बाजू दुसऱ्या घरात असते. मेट्रोचा मार्ग, बालगंधर्वचं काय करावं, पोह्यात कांदा आधी की बटाटा, यातलं काहीही घ्या. ज्याला दुसऱ्याचं म्हणणं समजलं तो वाद हरला अशी आपली रीत. भाचीनं अण्णांना 'ऑन द अदर हँड' समजावून सांगायचा प्रयत्न केला. अण्णांनी शांतपणे ऐकलं. "दुसरी बाजू असते हे मला मान्य आहे," ते म्हणाले, "ती चूक असते."

दोन बाजूंची आपल्याला जी काय सवय आहे ती शाळेतल्या 'विज्ञान: शाप की वरदान' या निबंधाची. अर्धा निबंध वरदान, अर्धा शाप, आणि शेवटी 'ते वापरणाऱ्याच्या हातात आहे' असं लिहून घंटा व्हायच्या आत मोकळं. पिढ्यान् पिढ्या आपण दूरदर्शन, मोबाइल आणि अणुशक्ती याच एका वाक्यानं मिटवली. आयईएलटीएसमध्ये ती पळवाट बंद आहे. तिथं स्वतःचं मत द्यावं लागतं, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच ठेवावं लागतं, आणि तरीही समोरच्याला मूर्ख न म्हणता. बावीस वर्षांच्या मुलीचं प्राणिसंग्रहालयांबद्दल काय मत असणार? तिनं कात्रजचं एकच बघितलंय, सहलीत, आणि तिथं तिचा डबा हरवला होता. पण मत नाही असं म्हणायची सोय नाही. क्लासमध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी मतं देतात. ती घेऊन मुलं घरी येतात आणि मग जेवताना एकदम "मला वाटतं सरकारनं सार्वजनिक वाहतूक मोफत करावी, तथापि..." असं म्हणतात. 'तथापि' ऐकून अण्णांच्या हातातला घास थांबतो.

वाचनात तीन लांब उतारे असतात. विषय मधमाश्या, कासवं, काच, झोप, जुने पूल. या परीक्षेनं परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना बाकी काही येवो न येवो, कासवांबद्दल चार गोष्टी नक्की सांगता येतात. उताऱ्याखाली विधानं असतात आणि प्रत्येकापुढे लिहायचं: ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन. म्हणजे बरोबर, चूक, किंवा उताऱ्यात याबद्दल काही सांगितलेलंच नाही.

एका रविवारी आम्ही घरच्यांनी मिळून एक उतारा सोडवला. एका जुन्या काच कारखान्याच्या मालकानं कामगारांसाठी घरं बांधली होती. विधान: 'मालकाला कामगारांबद्दल आस्था होती.' अण्णा म्हणाले, ट्रू, नाहीतर घरं कशाला बांधील. बायको म्हणाली, फॉल्स, आस्था असती तर पगार वाढवला असता, घरं बांधली म्हणजे माणसं नोकरी सोडून जायला नकोत. दोघांचं जुंपलं. भाचीनं हळूच उत्तरपत्रिका बघितली: नॉट गिव्हन. हे दोघांनाही पटलं नाही. उताऱ्यात नाही म्हणून काय झालं, आपल्याला कळत नाही का?

आपल्या लोकांना 'नॉट गिव्हन' जमत नाही याचं कारण आपण लग्नाचे बायोडेटा वाचून वाचन शिकलेले आहोत. तिथं जे दिलेलं असतं ते कुणी वाचतच नाही. मुलाचा पगार दिलाय, कंपनी दिली नाही? मग कंपनी लहान. फोटो आहे, उभा नाही? मग उंची कमी. मामांची नावं आहेत, काकांचं एकही नाही? मग इस्टेटीवरून कोर्टात. असा संपूर्ण माणूस न दिलेल्या मजकुरातून उभा करणाऱ्या आमच्या आत्याला तीन मधमाश्यांच्या उताऱ्यांत चार बँड मिळतील की नाही शंका आहे. चूक आत्याची नाही.

ऐकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ध्वनिफीत एकदाच लावतात. त्यात एक बाई कुठल्या तरी हॉलचं बुकिंग करताना मंगळवार म्हणते, मग सॉरी म्हणून बुधवार म्हणते, आणि ज्यांनी मंगळवार लिहून पेन खाली ठेवलं ते गेले. 'दोन शब्दांपेक्षा जास्त नको' असं सांगितलेलं असताना तीन लिहिले तरी गेले. स्पेलिंग चुकलं तरी गेले. 'अ‍ॅकोमोडेशन'मधले दोन सी आणि दोन एम यांनी किती मुलांना निवाऱ्याविना ठेवलंय कोण जाणे. ज्या घरात "जेवायला या" हे वाक्य पाचव्यांदा ऐकू येतं त्या घरातून ही मुलं जातात. बाकी ठीक.

अमेरिकेसाठी मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथं जीआरई. करोनानंतर पुष्कळ विद्यापीठांनी ती ऑप्शनल करून टाकली आहे. भाचीनं हे मोठ्या आनंदानं सांगितलं आणि सांगलीहून तिच्या आईनं फोनवर विचारलं, "ऑप्शनल म्हणजे देणार ना?" आपल्याकडे ऑप्शनल प्रश्न वेळ उरला तर सोडवतात, आणि वेळ उरवतात. सल्ला द्यायला न्यू जर्सीचे एक मेहुणे व्हिडिओ कॉलवर आले. ते नव्वदच्या दशकात गेलेले. त्यांनी बॅरन्सच्या पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ केली होती, आणि ते पुस्तक पुढच्या तीन बॅचना पुरलं होतं. भाचीनं सांगितलं की विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे ते प्रश्न २०११ मध्येच काढून टाकले, आणि २०२३ पासून परीक्षाही दोन तासांच्या आत आली. मेहुण्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत ते शब्द त्यांना अमेरिकेत कुठेही वापरता आलेले नाहीत. निदान ते पाठ करणं भारतात अजून चालू असेल अशी त्यांना आशा होती.

तरी शब्द लागतातच. म्हणून घरभर चिठ्ठ्या लागल्या. फ्रिजवर 'फ्रूगल', अण्णांच्या खुर्चीमागे 'ऑब्स्टिनेट', आणि ज्या फोनवर आत्याचे फोन येतात त्याच्याशेजारी 'गॅर्युलस'. कामाला येणाऱ्या मावशी पुसताना एकेक चिठ्ठी काढून, त्याखाली पुसून, पुन्हा लावत. एकदा त्यांनी खुर्चीवरची चिठ्ठी आरशावर लावली. बायकोनं ती काढली नाही, पण तेव्हापासून त्या आरशात माझ्याशिवाय कुणी बघत नाही.

जीआरई आता घरी बसूनही देता येते. प्रवास वाचेल म्हणून तेच ठरलं. इथं आमची खरी परीक्षा झाली. नियम असे: खोलीत दुसरं कुणी नको, आत कुणी यायचं नाही. पलंगावर बसायचं नाही. कान दिसले पाहिजेत. साधा कागद चालणार नाही, पुसता येणारा पांढरा बोर्ड हवा. आणि सुरू करण्यापूर्वी प्रॉक्टर कॅमेऱ्यातून अख्खी खोली बघणार, टेबलाखालीसुद्धा.

"कोण बघणार?" बायकोनं विचारलं.

"प्रॉक्टर. ऑनलाइन."

"अमेरिकेचा?"

"असेल."

बस. घरात दिवाळीआधीची झाडलोट सुरू झाली. पडदे धुतले. नवी चादर आली, जिच्यावर बसायला मुळात बंदी होती. भिंतीवरचं पतपेढीचं कॅलेंडर काढून तिथं वारली चित्र लागलं. परीक्षेच्या दिवशी प्रॉक्टरनं सांगितलं, टेबलाखाली दाखवा. तिथं सांगलीच्या हळदीची पिशवी, जुना मिक्सर आणि माझे बूट निघाले. ते सगळं बाहेर काढेपर्यंत बायको दाराआड उभी राहून कपाळाला हात लावत होती. प्रॉक्टरनं वारली चित्राबद्दल अवाक्षर काढलं नाही.

वेळ दुपारी दोनची घेतली होती, कारण त्या वेळी पुणं आपणहून गप्प असतं. बेलवर चिकटपट्टी लावली. कुकर लावायचा नाही म्हणून बाहेरून आणलं. अण्णांना शिंक येते ती एकटी येत नाही, म्हणून त्यांना शेजारी पाठवलं. मी सोसायटीच्या गेटवर उभा. आणि कोपऱ्यावरून भंगारवाल्याची गाडी वळली, वर कर्णा, त्यात रेकॉर्ड केलेला आवाज: रद्दी, पत्रा, लोखंड, बॅटरी. मी धावत गेलो आणि आवाज बंद करायला सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, बंद खिडक्यांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात कुणाला काही झालंय का साहेब?"

"जीआरई आहे," मी म्हटलं. "भाचीला."

"अरेरे," तो म्हणाला. "होईल बरं. काळजी घ्या." आणि गाडी ढकलत गल्लीबाहेर नेली. पैसेही घेतले नाहीत.

मध्यंतरी कुणीतरी ड्युओलिंगोची परीक्षा सुचवली होती. फी आयईएलटीएसच्या निम्म्याहून कमी, घरबसल्या तासाभरात होते, निकाल दोन दिवसांत. बऱ्याच विद्यापीठांना चालते. सगळं जमलं होतं, पण भाचीच्या आईला त्यांचं बोधचिन्ह दिसलं. हिरवं घुबड. "सकाळी सकाळी घुबडाचं तोंड बघून परीक्षा द्यायची?" विषय संपला.

स्कोअरनंतर कागदपत्रं. त्यात शिफारसपत्रं तीन. सरांकडे मागायला गेलं की सर म्हणतात, "ड्राफ्ट पाठव." म्हणजे स्वतःची स्तुती स्वतः लिहायची, ती पण तीन वेगळ्या माणसांच्या आवाजात. भाची तशी संकोची. पहिल्या पत्रात तिनं स्वतःला 'बरी' म्हटलं होतं. बायकोनं ते पत्र हातात घेतलं आणि तासाभरात ती कॉलेजच्या इतिहासातली सर्वोत्तम विद्यार्थिनी झाली. सही करताना सर म्हणाले म्हणे, "तू आमच्याच बॅचला होतीस का?"

एसओपी, म्हणजे आपण का शिकू इच्छितो याचं निवेदन, लिहिताना अण्णांना आनंदीबाई जोशी आठवल्या. या एका बाबतीत अण्णांचं म्हणणं मला बिनशर्त मान्य आहे. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. इंग्रजीची टोफेल परीक्षा निघाली १९६४ मध्ये, म्हणजे त्यांना ती द्यायची तर एक्क्याऐंशी वर्षं थांबावं लागलं असतं. त्यांचे पती गोपाळराव यांनी पाठवलेलं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत वाचलं, आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर काउन्सेलिंग झालं, फुकट झालं, आणि दंतवैद्याच्या बाकावर झालं. मग आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतः पत्र लिहून आपली तयारी कुठवर आहे आणि आपण का आलो आहोत ते कळवलं. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये पदवी मिळाली. त्यांना लहानपणापासून कशाचं तरी अतीव आकर्षण होतं, असं त्या पत्रात नव्हतं. हल्लीच्या प्रत्येक एसओपीत असतं. टोफेल बनवणारी संस्था पुढे न्यू जर्सीतच थाटली गेली. कार्पेंटरबाईंना कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की चार पत्रांत समजतं.

आयईएलटीएसचा निकाल आला. ऐकणं साडेआठ, वाचन आठ, बोलणं साडेसात. अण्णांनी पोहलेलं वाया गेलं नाही. लिहिणं सहा. सरासरी साडेसात, म्हणजे उत्तमच, पण तिला जिथं जायचं होतं त्या विद्यापीठाला प्रत्येक भागात किमान साडेसहा हवेत. अर्ध्या बँडनं राहिलं. विषय काय होता म्हणून विचारलं तर म्हणाली, वृद्धांनी मुलांजवळ राहावं की वृद्धाश्रमात. दोन्ही बाजूंची चर्चा करा.

"मग?"

"पहिली बाजू लिहिता लिहिता दोनशे वीस शब्द झाले," ती खाली बघून म्हणाली. "मग दुसरी बाजू चूक आहे एवढंच लिहायला जागा उरली."

कुणी काही बोललं नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. अण्णांचा चेहरा मात्र अभिमानानं फुलला होता.

सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, आणि बँड वाढला तर तिची फी परत मिळते, हे कळल्यावर ते इरेला पेटले. फॉर्म आणि फी भरली की झालं, बाकी काही लिहायचं नसतं, असं भाचीनं परोपरीनं सांगितलं. तिचा कल खरं तर एकट्या लेखनाची परीक्षा पुन्हा द्यायचा होता, तशी सोय आहे. पण अण्णांनी कागद घेतला, जुनं शाईचं पेन काढलं आणि एक्झामिनरला इंग्रजीत पत्र लिहायला बसले. दुपारचा चहा गार झाला. पत्र पाच पानी झालं. त्यात एकत्र कुटुंबपद्धती होती, कोयनेचं धरण होतं, आपली नात होती, आणि मॅट्रिकचं सगळं इंग्रजी खरोखरच जसंच्या तसं होतं.

भाचीनं शेवटपर्यंत वाचलं. "भाषा छान आहे, अण्णा," ती म्हणाली. "सात तरी मिळतील तुम्हाला. पण यात दुसरी बाजू कुठाय?"

"ती त्यांची आहे," अण्णा पाकिटाला डिंक लावत म्हणाले. "त्यांनी लिहावी."